बकलम

तहसीलच्या गेटाबाहेर कडुलिंबाच्या अर्ध्या सावलीत
खाजामियाँचं टेबल. उरलेली अर्धी सावली झेरॉक्सवाल्याची.
भांडण नाही, करार आहे. तोंडी.
वसमतमधला बहुतेक एकच,
ज्याचा कागद खाजामियाँनी केलेला नाही.

बारावीच्या सुट्टीत मी तिथं शिकायला बसले.
पहिल्या दिवशी त्यांनी नुसता समास शिकवला.
'डावीकडं दोन बोटं सोड, बेटा.
साहेबाला शेरा मारायला जागा लागते.
माणसाचं म्हणणं त्याच्या पुढं सुरू होतं.'

शाळेत मी 'माझा आवडता ऋतू' लिहायचे,
पंधरा ओळी, शेवटी सुविचार.
इथं ऋतू विचारत नाहीत, चतुःसीमा विचारतात.
पूर्वेस गट नंबर बाहत्तर, पश्चिमेस ओढा,
उत्तरेस मारोती,
दक्षिणेस वाद.

हळूहळू हाताला कळत गेलं
की शपथपत्रात पाणी घालायचं नाही,
लग्नपत्रिकेत घालायचं, वर साखरही;
वारल्याच्या कार्डात 'दुःखद' एकदाच,
दुसऱ्यांदा लिहिलं की खोटं वाटतं;
जबाबात बाई रडत नाही,
'सदर महिला घाबरलेल्या स्थितीत मिळून आली' असं असतं.
म्हैस विकल्याच्या पावतीत शिंगं लागतात, वेत लागतं,
नाव लागत नाही.
मी 'चंद्री' लिहिलं होतं. त्यांनी खोडलं.
विकणारा काही बोलला नाही, नुसता उभा होता.
मग खाजामियाँनीच पेन्सिलनं, बारीक, कंसात
ते परत लिहिलं.

आणि अंगठे.
हळदीच्या बाजारातून आलेले,
शाईच्या आधीच पिवळे.
निशाणी डावा अंगठा, खाली बकलम,
त्याखाली लिहिणाऱ्याचं नाव.
'म्हणजे शब्द त्यांचे आणि हात आपला?'
'शब्द सरकारचे,' ते म्हणाले, 'त्यांचा फक्त अंगठा.'

रात्री स्वतःचं काही लिहायला वही काढावी
तर आधी 'महोदय' यायचं.
औंढ्याच्या मैत्रिणीला पत्र लिहिलं,
वर 'विषय' टाकला आणि विषयच सुचेना.
माय म्हणाली, 'काय लिहायलीस गं एवढं?'
'अर्ज.'
'कोनाला?'
पंखा फिरत होता. लाईट जाऊन आली.
मी अजून 'कोनाला' वरच होते.

मे महिन्याच्या शेवटी एका दुपारी
खाजामियाँ आपल्या खुर्चीतून उठले
आणि समोरच्या स्टुलावर बसले, पक्षकाराच्या.
हात कापत होता, म्हणून तो त्यांनी मांडीखाली घेतला.
'निराधारचा अर्ज आहे. लिही.'
'कुणाचा, चाचा?'
'सदरहू इसमाचा.'

मी नाव लिहिलं. वय त्यांनी दोनदा सांगितलं,
दोनदा वेगळं.
व्यवसाय विचारला तर झेरॉक्सवाल्याकडं बघत बसले.
'मी असा अर्ज करतो की,' मी मोठ्यानं म्हटलं,
पुढं तुम्ही सांगा.
हजारदा लिहिलेलं वाक्य,
त्याच्या पहिल्याच अक्षराशी ते अडले.
'मी' म्हणाले. मग पुन्हा 'मी'.
मग, 'तू लिही ना बेटा, तुला माहीत आहे सगळं.'

मला काय माहीत होतं?
टेबलाचा चौथा पाय विटेवर आहे,
पेन्सिल कानामागं असते,
एक म्हैस चंद्री होती.
यातलं काहीच अर्जात बसत नव्हतं.
जे बसत होतं ते लिहिलं, पाऊण पान झालं,
समास तीन बोटं सुटला.

सही त्यांनी स्वतः केली,
उर्दूत, उजवीकडून,
कापत कापत माझ्या शेवटच्या ओळीकडं येत गेलेली.
तरी खाली मी सवयीनं लिहून गेले,
बकलम दैवशाला मुंजाजी कदम.

'सही करता येते त्याला बकलम लागत नसतं,'
चष्मा वर करून ते म्हणाले.
चूकच होती.
मी खोडरबर शोधत होते, शाईला,
तोवर ते कागद घेऊन उठले
आणि झेरॉक्सवाल्याला म्हणाले,
'दोन काढ. एक माझ्याकडं राहू दे.'